बेग द क्वेश्चन

बेग द क्वेश्चन : जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरून केलेल्या युक्तिवादाच्या दोषाला अनुलक्षून वापरला जाणारा इंग्रजी वाक्प्रचार. ‘हा साक्षीदार विश्वासार्ह आहे, कारण तो कधी खोटे बोलत नाही’ या विधानात कारण म्हणून दिलेली बाब हाच मूळ वादाचा विषय आहे.

दोषाची पहिली पद्धतशीर चर्चा ॲरिस्टॉटलकडे (इ.स.पू. ३८४–३२२) सापडते. त्याचा ग्रीक शब्दप्रयोग ‘तो एन आर्खे आइतेइस्थाइ’ असा असून त्याचा अर्थ ‘आरंभी जे होते तेच मागणे’. येथील ‘मागणे’ तत्कालीन वादपद्धतीतून आले असावे. त्या पद्धतीत पृच्छक प्रतिपक्षाकडून एकेक विधान मान्य करवून घेई; मूळ वादविषयच मान्य करा, असे म्हणणे नियमबाह्य ठरे. लॅटिनमध्ये याचे ‘पेतितिओ प्रिन्सिपिई’ झाले. त्यातील ‘पेतितिओ’ म्हणजे याचना नव्हे, गृहीतक मागून घेणे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. इंग्रजीत मात्र ‘बेग’ (भीक मागणे) आले, आणि ते बहुधा १६व्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले. ‘क्वेश्चन’ म्हणजे येथे वादविषय, विचारलेला प्रश्न नव्हे. अर्थाबाबत पुढे झालेला सगळा घोटाळा या दोन शब्दांत आहे.

न्यायदर्शन या भारतीय तर्कपरंपरेतील ‘साध्यसम’ हेत्वाभासाशी, म्हणजे सदोष कारणाच्या एका प्रकाराशी (न्यायसूत्र १.२.८), याची तुलना केली जाते. ‘छाया हे द्रव्य आहे, कारण ती गतिमान आहे’ या प्रसिद्ध उदाहरणात छायेची गतीच आधी सिद्ध करावी लागते. परंतु तेथे हेतू (दिलेले कारण) साध्याइतकाच (जे सिद्ध करायचे त्याइतकाच) असिद्ध असतो, साध्याशी एकरूप असेलच असे नाही. त्यामुळे ‘आत्माश्रय’ (विधानाने स्वतःचाच आधार घेणे) व ‘चक्रक’ (चक्राकार आधार घेणे) हे दोष अधिक जवळचे मानावेत.

वृत्तपत्री इंग्रजीत हा वाक्प्रचार आता सर्रास ‘प्रश्न उपस्थित होतो’ या अर्थाने येतो. ‘विच बेग्ज द क्वेश्चन’ यानंतर प्रश्नचिन्हासह पुरे वाक्य आले, तर अर्थ हाच समजावा. तर्कशास्त्रीय अर्थात असा प्रश्न पुढे जोडता येत नाही. ‘प्रश्नाला बगल देणे’ असा तिसरा अर्थही आढळतो. नवा अर्थ कोशांनी नोंदवला असला, तरी लेखनशैलीचे अनेक मार्गदर्शक त्याऐवजी ‘रेझ द क्वेश्चन’ (प्रश्न उपस्थित करणे) सुचवतात. तत्त्वज्ञान व कायद्याच्या लेखनात जुना अर्थच अपेक्षित असतो. मराठी अनुवादात ‘प्रश्नाची भीक मागणे’ हे शब्दशः रूप टाळावे. ‘साध्यच गृहीत धरणे’ पुरेसे आहे.