तळेगावचा कारखाना आणि परकीय गुंतवणुकीचे दोन आकडे : पार्श्वभूमी

मे 2025 मध्ये दोन आकडे जवळजवळ एकाच वेळी बाहेर आले आणि त्यावरून बरीच जुंपली. पहिला होता 81 अब्ज डॉलरचा. 2024-25 मध्ये देशात एवढी परकीय थेट गुंतवणूक आली, आणि ती आधीच्या वर्षापेक्षा सुमारे 14 टक्क्यांनी जास्त आहे, असे केंद्राच्या पत्रकात होते. दुसरा आकडा मध्यवर्ती बँकेच्या मासिक अहवालातला. त्याच वर्षाची निव्वळ गुंतवणूक एक अब्ज डॉलरच्याही आत. सरकारच्या बाजूच्यांनी पहिला उचलला, विरोधकांनी दुसरा. दोन्ही आकडे बरोबर होते, आणि दोन्ही बाजूंनी त्यांचा काढलेला अर्थ निदान अर्धा चुकीचा होता.

1991 चे परकीय चलनाचे संकट, गहाण ठेवलेले सोने, 34 उद्योगांत 51 टक्क्यांपर्यंतच्या परकीय हिश्श्याला आपोआप मंजुरी ही कथा वाचकांना पाठ असेल. त्याआधीचा काळही थोडक्यात सांगता येतो. 1949 मध्ये पंतप्रधानांनी परकीय भांडवलाला दुजाभाव न करण्याचे आणि नफा मायदेशी नेऊ देण्याचे आश्वासन दिले. 1973 च्या ‘फेरा’ म्हणजे परकीय चलन नियमन कायद्याने बहुतेक क्षेत्रांत परकीय हिस्सा 40 टक्क्यांवर आणायला लावला. त्या काळातले लोकांच्या लक्षात राहिले ते 1977-78 च्या सुमाराचे देश सोडून जाणाऱ्या दोन कंपन्यांचे निरोप, एक शीतपेयवाल्या कोका-कोलाचा आणि एक संगणकवाल्या आयबीएमचा. पण बहुतेक कंपन्या गेल्या नाहीत. त्यांनी हिस्सा कमी केला, भारतीय जनतेला शेअर विकले, आणि ते शेअर सरकारी नियंत्रकाने ठरवलेल्या किमतीला, म्हणजे बहुधा स्वस्तात मिळाले. दलाल स्ट्रीटशी आधी काही देणेघेणे नसलेली कितीतरी मध्यमवर्गीय घरे तेव्हा भागधारक झाली. परकीय मालक हिस्सा विकतो आणि भारतीय तो घेतात, हे दृश्य पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून इथे नोंदवून ठेवू.

नव्वदच्या दशकात मोजमापाचा घोळ वेगळा होता. मथळे व्हायचे ते मंजुऱ्यांचे, आणि प्रत्यक्ष पैसे त्याच्या खूप मागे असायचे. गुहागर तालुक्यातल्या एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पावर पुष्कळ लिहून झाले आहे. 1993 चा खरेदी करार, 1995 ची रद्दबातल घोषणा, 1999 मध्ये सुरू झालेला 740 मेगावॅटचा पहिला टप्पा आणि 2001 मधली टाळेबंदी यांची उजळणी नको. आपल्या विषयापुरते एवढेच, की त्या काळातल्या परकीय गुंतवणुकीच्या यादीत तो फार वरचा प्रकल्प होता आणि त्याचे गिऱ्हाईक एकच होते, राज्याचे वीज मंडळ. 1998 च्या ‘प्रेस नोट 18’ या केंद्राच्या धोरण-परिपत्रकाचाही उल्लेख हवा. भारतीय भागीदाराबरोबर आधीच संयुक्त कंपनी असेल, तर त्याच धंद्यात दुसरी कंपनी काढण्याआधी त्या भागीदाराचे ना हरकत पत्र आणा, असा तो नियम होता. भागीदारांनी त्याचा उपयोग संरक्षणापेक्षा वाटाघाटीतल्या हुकमी पत्त्यासारखा केला. 2005 मध्ये तो सैल झाला, 2011 मध्ये गेला.

आता मुख्य गुंता. ‘परकीय थेट गुंतवणूक’ या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी मोजल्या जातात. नवे भागभांडवल ही पहिली. इथल्या कंपनीने कमावलेला, पण मायदेशी न नेता इथेच ठेवलेला नफा ही दुसरी. आणि मूळ कंपनी व उपकंपनी यांच्यातली कर्जे ही तिसरी. 2003 पर्यंत भारत फक्त पहिली मोजत असे. त्या वेळी चीनशी तुलना करून आपली फार चेष्टा व्हायची. त्यांचे चाळीस-पन्नास अब्ज, आपले दोन-तीन! चीन पुनर्गुंतवलेला नफाही धरतो, हाँगकाँगमार्गे फिरून आलेला स्वतःचाच पैसाही त्यात असतो, असे काही अभ्यासक सांगत होते. अखेर व्याख्या जागतिक पद्धतीला जुळवली आणि 2000-01 पासूनचे आकडे नव्याने मांडले. त्या एका वर्षाची आवक कागदावर अडीच अब्ज डॉलरच्या आसपास होती, ती चार अब्जांवर गेली. एकही नवा कारखाना उभा राहिला नव्हता.

बदल योग्यच होता, पण त्याचा एक परिणाम आजही नीट समजून घेतला जात नाही. पुनर्गुंतवलेल्या नफ्याचा डॉलर सीमा ओलांडतच नाही. हिशेबात तो आधी ‘परदेशी मालकाचे उत्पन्न’ म्हणून बाहेर गेला असे दाखवतात आणि लगेच ‘गुंतवणूक’ म्हणून परत आला असे लिहितात. म्हणजे चाकणमधल्या एखाद्या जर्मन किंवा कोरियन कंपनीने भारतीय गिऱ्हाइकाला माल विकून मिळवलेले रुपये बँकेत ठेवले, तरी परकीय गुंतवणूक वाढते. अलीकडच्या वर्षांत ढोबळ आवकेतला पाव हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त वाटा असा आहे. 81 अब्जांतले भागभांडवल सुमारे 50 अब्ज होते. मथळ्यात मात्र 81 च येतो.

निव्वळ आकड्याचे त्रांगडे याहून मोठे. 81 अब्जांतून आधी वजा होतात ते परकीय गुंतवणूकदारांनी हिस्से विकून किंवा भांडवल काढून नेलेले पैसे. 2024-25 मध्ये ते 51 अब्जांहून थोडे जास्त होते. उरतात सुमारे साडेएकोणतीस. इथे थांबले, तर ‘परकीयांनी इथे निव्वळ किती ठेवले’ या प्रश्नाचे उत्तर मिळते. पण तक्ता इथे थांबत नाही. भारतीय कंपन्यांनी त्या वर्षी परदेशात केलेली गुंतवणूक, म्हणजे आणखी सुमारे 29 अब्ज, तोही वजा करतो आणि जवळजवळ शून्यावर येतो. ‘परकीय भांडवल जेवढे आले तेवढे पळाले’ असे ज्यांनी लिहिले त्यांनी हा दुसरा टप्पा वाचला नाही. एखाद्या भारतीय औषध कंपनीने युरोपात कारखाना घेतला, तर त्याला कोणी पलायन म्हणणार नाही.

आणि तरीही मला सरकारी बाजूचे समाधान पटत नाही. बाहेर गेलेले 51 अब्ज हे ‘परिपक्व बाजाराचे लक्षण’ आहे, आत येणाऱ्याला सहज बाहेरही पडता येते, असे अधिकृत भाष्य होते. ते खरे आहे. फक्त 2020-21 मध्ये हाच निव्वळ आकडा 44 अब्ज होता, पुढच्या वर्षी 39, मग 28, मग 10. परिपक्वता चार वर्षांत इतक्या वेगाने येत असेल, तर तिच्याकडे जरा निरखून पाहायला हवे. आलेल्यातला मोठा वाटा खासगी गुंतवणूक फंडांचा होता. त्यांनी करोनाच्या काळात ॲप आणि डिजिटल कंपन्यांत पैसे घातले, शेअर बाजार तेजीत आल्यावर विकून मोकळे झाले. हा पैसा वाईट नव्हे, पण तो कारखान्याचा पैसा नव्हता, आणि धोरणाच्या भाषणांत मात्र तो कारखान्यांच्या नावाने मोजला गेला.

पुण्याजवळच्या तळेगावचे उदाहरण इथे कामाला येते. तिथे एका अमेरिकी मोटार कंपनीने 2008 मध्ये कारखाना सुरू केला. तिचा जुना कारखाना गुजरातेत हालोलला होता. गाड्या खपेनात, म्हणून 2017 मध्ये तिने देशांतर्गत विक्री थांबवली. हालोलचा कारखाना एका चिनी सरकारी मोटार कंपनीकडे गेला आणि तिथून पुन्हा गाड्या निघू लागल्या. तळेगाव निर्यातीवर तग धरून होते, डिसेंबर 2020 मध्ये तेही बंद पडले. गिऱ्हाईक तयार होते. जानेवारी 2020 मध्येच दुसऱ्या एका चिनी कंपनीने तो घेण्याचे ठरवले होते.

मध्ये आली ती 17 एप्रिल 2020 ची केंद्राची ‘प्रेस नोट 3’. भारताला जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या प्रत्येक गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची झाली. आधी ही अट पाकिस्तान आणि बांगलादेशपुरती होती. निमित्त होते चीनच्या मध्यवर्ती बँकेने एका भारतीय गृहकर्ज कंपनीतला हिस्सा 1 टक्क्याच्या वर नेल्याचे. पडत्या भावात कोणी कंपन्या बळकावू नये, हा हेतू सांगितला गेला. तरीही राज्य सरकारने पुढे पाऊल टाकले. तळेगावसाठी 3,770 कोटी रुपयांच्या सामंजस्य करारावर सह्या झाल्या त्या 15 जून 2020 ला. त्याच रात्री गलवानची भारत-चीन चकमक घडली. आठवड्याभरात करार स्थगित झाला, मंजुरी आलीच नाही, आणि 2022 च्या मध्यात चिनी कंपनीने नाद सोडला. चालू होऊ शकणारा पण बंद पडलेला कारखाना, अमेरिकी कंपनीने काढून टाकलेले कामगार आणि त्यांचे न्यायालयातले झगडे एवढेच तिथे उरले. सुरक्षेच्या दृष्टीने तो निर्णय बरोबर असू शकतो. हालोलला चालले ते तळेगावला का नाही, याचे उत्तर मात्र एकच आहे, तारीख.

2023 मध्ये एका कोरियन कंपनीने तो कारखाना घेण्याचा करार केला, 2024 च्या सुरुवातीला ताबा आला, 2025 मध्ये उत्पादन सुरू झाले. आता हिशेबाची गंमत पाहा. ही कंपनी चेन्नईजवळ नव्वदच्या दशकापासून आहे. अशी जुनी उपकंपनी इथे कमावलेल्या नफ्यातून खरेदी करते, तेव्हा नवा डॉलर येत नाही. विकणाऱ्याने पैसे मायदेशी नेले, तर उलट जाणाऱ्या रकान्यात भर पडते. आणि ऑक्टोबर 2024 मध्ये याच कोरियन कंपनीने मुंबईच्या बाजारात 27,870 कोटी रुपयांची भागविक्री केली, तोवरची देशातली सर्वांत मोठी. ती सगळी मूळ मालकाच्या हिश्श्याची विक्री होती, म्हणजे पैसा कोरियातल्या मूळ कंपनीकडे गेला. ‘फेरा’च्या काळात कायद्याने करायला लावलेली गोष्ट आता मालक स्वखुशीने करत होता, फक्त किंमत नियंत्रकाऐवजी बाजाराने ठरवली. तक्त्यात ते वर्ष या कंपनीपुरते उणे दिसते. तळेगावात मात्र त्याच वर्षी यंत्रे बसत होती.

मग वाढीत या गुंतवणुकीची भूमिका कोणती? देशातल्या एकूण भांडवलनिर्मितीत तिचा वाटा बहुतेक वर्षी एक आकडीच राहिला आहे. कारखाने, रस्ते, घरे उभी राहतात ती मुख्यतः इथल्या बचतीवर. फरक पडतो तो पैशाबरोबर येणाऱ्या शिस्तीमुळे. भोसरीतल्या एखाद्या प्रेस शॉपवाल्याला, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्याला, परदेशी मोटार कंपनीचे काम हवे असेल, तर आधी सप्लायर ऑडिट, मग पीपीएपीची, म्हणजे सुटा भाग मंजूर करून घेण्याच्या कागदपत्रांची जाडजूड फाइल, मग दहा लाख नगांत किती नग नापास होतात याचा दरमहा हिशेब. एकदा हे जमले की तोच माणूस दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे त्याच जोरावर काम मागतो. ही कमाई कोणत्याच तक्त्यात नाही.

अर्थात इथे कार्यकारणाची उलटापालट सहज होते. पिंपरी-चिंचवड, आकुर्डी, भोसरीतल्या औद्योगिक वसाहती साठच्या दशकातल्या. तिथले ट्रक आणि स्कूटरचे कारखाने भारतीय मालकांचे. डाय, फिक्श्चर, फोर्जिंग आणि जॉबवर्कचे जाळे त्यांनी विणून ठेवले होते. जर्मन कंपन्या चाकणला आल्या त्या हे जाळे तयार होते म्हणून. वाढ आधी, परकीय गुंतवणूक नंतर, असे किमान पुण्यापुरते तरी म्हणावे लागते. उद्योग विभागाच्या पुस्तिकांत हा क्रम नेहमी उलटा असतो.

देशवार तक्त्याचाही असाच भरवसा धरू नये. कित्येक वर्षे त्यात मॉरिशस पहिला होता, तो 1982 च्या करकरारामुळे. शेअर विकून झालेल्या नफ्यावर इथे कर लागत नसे आणि तिथेही नाही. 2016 मध्ये करार सुधारला, 1 एप्रिल 2017 नंतर घेतलेल्या शेअरवर कर लागू झाला, आणि पुढच्या काही वर्षांत सिंगापूर वर सरकले. पैसा खरा कोणाचा, हे दोन्ही काळांत तक्त्यावरून कळत नव्हते.

राहिला राज्यांचा क्रम. 2024-25 मध्ये देशात आलेल्या भागभांडवलातले 39 टक्के महाराष्ट्रात आले, कर्नाटकात 13 आणि दिल्लीत 12. सप्टेंबर 2019 पर्यंत ही मोजणी मध्यवर्ती बँकेच्या विभागीय कार्यालयांनुसार होत असे. मुंबई कार्यालयाच्या खात्यात महाराष्ट्राबरोबर दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवही येत, गोव्याचा हिशेब पणजीचा वेगळा. मुख्यालय मुंबईत आणि प्रकल्प तिसऱ्याच राज्यात, अशी रक्कमही मुंबईची ठरे. ऑक्टोबर 2019 पासून राज्यवार आकडे मिळू लागले, पण जुन्या आणि नव्या मालिका एकमेकींना जोडून ‘वीस वर्षे सलग पहिले’ म्हणणारे फलक थांबलेले नाहीत. त्यांच्या शेजारीच दावोसच्या करारांचे फलक असतात. जानेवारी 2025 मध्ये तिथे राज्याने 15 लाख 70 हजार कोटींच्या सामंजस्य करारांवर सह्या केल्या. त्यातल्या बऱ्याच मोठ्या रकमा भारतीय उद्योगसमूहांच्याच होत्या, आणि त्या परकीय गुंतवणुकीच्या ढोबळ तक्त्यातही येणार नाहीत, निव्वळ तक्त्यातही नाहीत.