ययाती-कथा (प्रेम, अभिमान आणि अविचार)

महाभारताच्या आदिपर्वातलं एक उपाख्यान. नहुषाचा मुलगा ययाती, शुक्राचार्यांची लेक देवयानी आणि असुरराजा वृषपर्व्याची लेक शर्मिष्ठा यांची गोष्ट, अकाली म्हातारपणाचा शाप आणि धाकट्या पूरूकडून उसनं घेतलेलं तारुण्य, एवढं मराठी वाचकाला माहीत असतंच. कोल्हापूरकराला तर जरा जास्तच, कारण या कथेचं मराठीतलं सगळ्यात गाजलेलं रूप म्हणजे वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) आणि खांडेकर १९३८ पासून इथलेच झालेले. त्यामुळे अख्खं कथानक परत सांगत बसत नाही. कथेतली माणसं नेमकी कशामुळे अशी वागतात आणि हा धागा आला कुठून, तेवढं बघू.

उगम : इथे बराच गुंता आहे. ऋग्वेदात ययातीचं नाव येतं, दहाव्या मंडलात तर ‘नहुषाचा ययाती’ असा स्पष्ट उल्लेख आहे आणि नवव्या मंडलातल्या काही ऋचांचा ऋषी म्हणूनही अनुक्रमणी (ऋषी-देवतांची जुनी सूची) त्याचंच नाव देते. यदू, तुर्वश, द्रुह्यू, अनू, पूरू हे पाच गणही ऋग्वेदात आहेत, पण ते ययातीचे मुलगे आहेत असं तिथे कुठंच म्हटलेलं नाही, आणि देवयानी, शर्मिष्ठा, शाप, म्हातारपण यातलं काहीही नाही. म्हणून पाच गणांना एका बापाखाली आणणारी वंशावळ नंतर जुळवली गेली आणि प्रेमाची गोष्ट त्या वंशावळीवर चढली, असं मत मांडलं जातं आणि ते पटण्यासारखं आहे. उलट बाजूनं, जॉर्ज दुमेझिल या फ्रेंच अभ्यासकानं १९७१ मध्ये ययाती आणि त्याची मुलगी माधवी यांची तुलना आयर्लंडच्या राणी मेव्हच्या कथांशी केली आणि कथेचा गाभा वेदांच्याही मागे, सामाईक इंडो-युरोपीय काळात नेला. मांडणी भारी आहे, पण माधवीचं प्रकरण आदिपर्वातल्या मुख्य कथेत नसून उद्योगपर्वात आहे, तेव्हा या पुराव्यावर किती भार टाकायचा हा प्रश्न उरतोच.

काळाचं म्हणाल तर महाभारताची घडण साधारण इसवी सनापूर्वीचं चौथं शतक ते इसवी सनाचं चौथं शतक अशी लांबलचक धरतात, आणि ययातीचा भाग त्यात नेमका कधी बसला हे ठामपणे सांगणं धोक्याचं. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या संशोधित आवृत्तीत (आदिपर्व, संपादक वि. सी. सुखठणकर, १९३३) हे उपाख्यान मूळ पाठात आहे, म्हणजे निदान हस्तलिखितांच्या पातळीवर ते मागाहून घुसडलेलं नाही. मत्स्यपुराणात हीच कथा जवळजवळ शब्दशः सापडते. पद्मपुराणाचं व्हर्जन मात्र पार वेगळं आहे. तिथे अश्रुबिंदुमती नावाची मदनाची मुलगी येते आणि सगळा रोख कामवासनेवर जातो.

अभिमान : कथा प्रेमानं सुरू होते असं वाटतं, पण खरी ठिणगी इगोची आहे. मुली पाण्यात खेळत असतात, वाऱ्यानं काठावरच्या कपड्यांची सरमिसळ होते, घाईत शर्मिष्ठा देवयानीचं वस्त्र नेसते आणि त्यावरून जुंपते. शर्मिष्ठा जे बोलते ते झोंबणारं आहे : तुझा बाप मागणारा, स्तुती करणारा, दान घेणारा आणि माझा बाप स्तुती करून घेणारा, देणारा, कुणाकडून काही न घेणारा. मग ती देवयानीला विहिरीत ढकलून सरळ घरी निघून जाते. पुढे शुक्राचार्यांनी असुरांना सोडून जाऊ नये म्हणून हीच शर्मिष्ठा हजार दासींसकट देवयानीची दासी व्हायला तयार होते, तेव्हा देवयानी काय करते, तर तेच शब्द जसेच्या तसे तिच्या तोंडावर मारते, की मी तर भाटाची, मागणाऱ्याची मुलगी, मग स्तुती करून घेणाऱ्याची मुलगी माझी दासी कशी काय होणार? एवढं सगळं पदरात पडल्यावरही ते वाक्य तिनं जपून ठेवलेलं असतं. या एका जागेसाठी मूळ संहिता वाचावी.

यात शुक्राचार्यांची गंमत वेगळीच. विहिरीतून निघालेल्या लेकीला ते आधी लंबंचौडं प्रवचन देतात की ज्यानं राग जिंकला त्यानं सगळं जिंकलं, आणि लेक ऐकत नाही म्हटल्यावर स्वतःच तावातावानं वृषपर्व्याकडे जाऊन राज्य सोडून जायची धमकी देतात. पुढचा म्हातारपणाचा शापही याच माणसाचा.

प्रेम आणि अविचार : देवयानीचं पहिलं प्रेम कच. त्यानं गुरुकन्या म्हणून नकार दिला तर तिनं लगेच शाप दिला की तुझी संजीवनी विद्या फळणार नाही, त्यानंही उलट शाप दिला की तुला ऋषिपुत्र नवरा मिळणार नाही. ययातीनं विहिरीतून काढताना उजवा हात धरला, एवढ्यावर ती त्याला नवरा ठरवते. ब्राह्मणकन्या क्षत्रियाला कशी, म्हणून तो कचरतो, पण शुक्राचार्य परवानगी देतात आणि सोबत ताकीदही की शर्मिष्ठेला शेजेवर बोलवायचं नाही. ती मोडली जाते. उघडकीला येण्याचा सीन मोठा जिवंत आहे : वनात खेळणाऱ्या शर्मिष्ठेच्या मुलांना देवयानी विचारते तुमचा बाप कोण, मुलं बोट करतात राजाकडे आणि आनंदानं त्याच्याकडे धावतात, पण देवयानी समोर आहे म्हणून राजा त्यांना जवळ घेत नाही, मग ती रडत आईकडे जातात. शाप त्यानंतर येतो.

शापामुळे माणसं हतबल होतात आणि नियतीच सगळं चालवते, असं वाचन पूर्वी रूढ होतं. प्रस्तुत नोंदकाराला ते पुरेसं वाटत नाही. कचाचा, शुक्राचार्यांचा, आणि तारुण्य द्यायला नकार देणाऱ्या चार मुलांना ययातीनं दिलेला, यातला प्रत्येक शाप कुणाचा तरी मान दुखावल्यावरच आलेला आहे, त्यामुळे आधी अविचार आणि मग शाप हाच क्रम धरलेला बरा.

उत्तरयायात (ययातीच्या कथेचा उत्तरार्ध) : हे बहुतेकांना माहीत नसतं. भोग भोगून, ‘न जातु कामः कामानाम्’ हा प्रसिद्ध श्लोक म्हणून, राज्य पूरूला देऊन ययाती तप करतो, स्वर्गात जातो आणि तिथून खाली पडतो! कारण इंद्रानं विचारलं की तुझ्या तोडीचा तपस्वी कोण, आणि हा म्हणाला देवांत, माणसांत, गंधर्वांत, ऋषींत कुणीच नाही. पडतो तो थेट अष्टक, प्रतर्दन, वसुमना आणि शिबी या आपल्या नातवांमध्ये, आणि त्यांच्या पुण्यावर परत वर जातो. म्हणजे ज्याला कामानं पुरतं बुडवलं नाही त्याला अभिमानानं बुडवलं. उद्योगपर्वात नारद हीच गोष्ट दुर्योधनाला सांगतात, हट्ट आणि अभिमान यांचा इशारा म्हणून. तो ऐकत नाही हे वेगळं सांगायला नको.

मराठीतली रूपं : खाडिलकरांचं ‘विद्याहरण’ (१९१३) कच-देवयानीपाशीच थांबतं आणि शुक्राचार्यांच्या मद्यपानावर भर देतं. शिरवाडकरांचं ‘ययाति आणि देवयानी’ १९६६ चं. खांडेकरांनी ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांना आळीपाळीनं स्वतःच बोलायला लावलं, त्यामुळे प्रत्येकाचा विकार आतून दिसतो. कादंबरीला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पुढे १९७४ साठीचं ज्ञानपीठही खांडेकरांना मिळालं, मराठीतलं पहिलं. त्यांचा ययाती हा सुखामागे धावणाऱ्या आजच्या माणसाचा प्रतिनिधी, त्यामुळे स्वर्गातून पडण्याचा भाग गेला, अभिमान बहुतेक सगळा देवयानीच्या वाट्याला आला आणि शर्मिष्ठा सोशिक झाली. महाभारतात पहिली उर्मट तीच होती. कच संयमाचा आदर्श, देवयानी अहंकार, शर्मिष्ठा त्याग अशी वाटणी वाचायला सोपी पडते खरी, पण मूळ कथेचा तिखटपणा त्यात कमी झाला, असं आमचं मत आहे.

दुखावलेल्या अभिमानाचा विषय याच जिल्ह्यातल्या आणखी दोघांनी कर्णाच्या निमित्तानं घेतला, आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’ (१९६७) मध्ये आणि कोवाडच्या रणजित देसाईंनी ‘राधेय’ (१९७३) मध्ये. द्रौपदीनं भर स्वयंवरात कर्णाला सूत म्हणून नाकारलं हा सगळ्यांना ठाऊक असलेला प्रसंग संशोधित आवृत्तीनं मूळ पाठात घेतलेला नाही, हे या कादंबऱ्या वाचताना ध्यानात ठेवावं.

ययातीची लोककथांमधली रूपं मराठीत फारशी नोंदवलेली दिसत नाहीत. खांडेकरांच्या वस्तू आणि साहित्य शिवाजी विद्यापीठातल्या त्यांच्या स्मृती संग्रहालयात बघायला मिळतं.