संगीत-मुखपृष्ठांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर

शब्दांतील वर्णनावरून चित्र तयार करणाऱ्या संगणकीय प्रणालींच्या साहाय्याने गाण्याचे किंवा अल्बमचे मुखपृष्ठ बनवण्याची ही पद्धत आहे. ‘डॅल-ई २’, ‘मिडजर्नी’ आणि ‘स्टेबल डिफ्यूजन’ या प्रणाली २०२२ मध्ये उपलब्ध झाल्यानंतर तिचा प्रसार झाला.

ध्वनिमुद्रिकांना सचित्र वेष्टन देण्याची प्रथा अमेरिकन आरेखक ॲलेक्स स्टाइनवाइस यांनी कोलंबिया रेकॉर्ड्स या कंपनीत १९४०च्या सुमारास रुजवली. तोवर तबकड्या बहुधा साध्या कागदी पाकिटांत विकल्या जात. बारा इंची लाँग प्ले तबकडीच्या काळात चित्रकाराला त्या चौकोनात भरपूर वाव होता. आज फोनच्या पडद्यावर तोच चौकोन नखाएवढा दिसतो आणि गाणी सुटी प्रसिद्ध होत असल्याने प्रत्येक गाण्याला नवे चित्र लागते. स्वखर्चाने गाणी काढणारे कलावंत या साधनांकडे वळले, ते नव्या कलेच्या ओढीपेक्षा या निकडीमुळेच म्हणावे लागेल.

यांतील अनेक प्रणाली ‘डिफ्यूजन’ तत्त्वावर चालतात. मूळ चित्रांत मुद्दाम मिसळलेला ठिपक्यांचा गोंधळ टप्प्याटप्प्याने दूर करायला प्रणाली शिकते आणि पुढे निव्वळ अशाच गोंधळातून प्रॉम्प्टशी, म्हणजे वापरकर्त्याने दिलेल्या वर्णनाशी, जुळणारे चित्र उभे करते. आरंभीच्या प्रणालींना अक्षराच्या आकाराची जाण असे, पण शब्दलेखनाची नसे. म्हणून त्यांच्या चित्रांत शीर्षके हमखास विद्रूप होत आणि कलावंताचे नाव वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये घालण्याचा प्रघात पडला. संगीत-वितरक सहसा ३००० × ३००० पिक्सेलचे चित्र मागतात. लहान चित्र अपस्केलिंगने तेवढे वाढवताना त्यात मुळात नसलेले बारकावे शिरतात, ते तपासावे लागतात.

खरी गुंतागुंत हक्कांची आहे. केवळ प्रॉम्प्ट लिहिल्याने चित्रावर कॉपीराइट मिळत नाही, अशी भूमिका अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने जानेवारी २०२५ च्या अहवालात घेतली. त्यामुळे इतर कोणी तेच चित्र उचलले, तर तेथे कलावंताला ते रोखणे अवघड जाते. दुसरीकडे, स्टेबल डिफ्यूजनच्या प्रशिक्षणासाठी इंटरनेटवरून गोळा केलेल्या चित्रांचे संच वापरले गेले आणि त्यासाठी चित्रकारांची परवानगी घेतली गेली नाही, या तक्रारीवरून २०२३ मध्ये अमेरिकेत काही चित्रकारांनी दावा दाखल केला. रसिकांचा रोषही ओढवतो: ‘टिअर्स फॉर फिअर्स’ या ब्रिटिश बँडला २०२४ मध्ये अशाच मुखपृष्ठावरून टीका सोसावी लागली. काही आरेखक प्रणालीकडून केवळ कच्चे आराखडे घेतात आणि अंतिम चित्र हाताने काढतात. त्यामुळे मानवी कर्तृत्वाचा दावाही भक्कम होतो.