दोन फळ्यांची कॅम्पिंग खुर्ची : घरी बनवणाऱ्या ग्राहकांसाठी

पवनेच्या काठी तंबू टाकणारे, काजवे पाहायला भंडारदऱ्याला जाणारे ग्राहक आम्हाला नेहमी विचारतात, डिकीत सपाट मावेल अशी लाकडी खुर्ची घरी करता येईल का? येते. हिला खिळा, स्क्रू, बिजागरी काहीच लागत नाही. एका फळीला आरपार खाच, दुसरीला लांब शेपूट. शेपूट खाचेत सरकवलं की खुर्ची तयार, आणि बसणाऱ्याच्या वजनानेच ती घट्ट धरून राहते.

माप

फळी १० इंच रुंद आणि रंधा मारल्यावर १ इंच जाड हवी. पाठीची फळी ३६ इंच, बैठकीची ३२ इंच. बैठकीच्या फळीचे पुढचे १४ इंच पूर्ण रुंद ठेवा. उरलेल्या १८ इंचांत दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच इंच कापा, म्हणजे मधे ५ इंची शेपूट राहील. पाठीच्या फळीवर तळापासून ६ इंच सोडून मधोमध आडवी खाच घ्या : लांबी ५ इंच २ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), उंची १ इंच २ सूत.

उंचीतले हे दोन सूत महत्त्वाचे. पाठ किती रेलणार ते त्यांवरच ठरतं. खाच अगदी बेताची ठेवली तर पाठ आणि बैठक काटकोनात अडकतात, बसणारा अवघडतो. फार मोठी झाली तर तो जवळजवळ आडवा होतो. म्हणून आधी दीड सूतच जास्त ठेवा, बसून पाहा, मग कानशीने वाढवा.

खाचेच्या चारही कोपऱ्यांत ड्रिलने भोक पाडून मगच जिगसॉ (बारीक पात्याची विजेची करवत) चालवा. कोपरा टोकदार राहिला की भेग तिथूनच सुरू होते. शेपूट जिथे बैठकीला मिळतं तिथेही किंचित गोलाई द्या.

लाकूड

सगळा भार शेपटाच्या मानेवर, म्हणजे शेपूट बैठकीला मिळतं तिथे, येतो. तिथे गाठ नको, आणि लाकडाच्या रेषा फळीच्या लांबीला सरळ धावायला हव्यात. आडव्या रेषांची फळी कितीही देखणी असली तरी घेऊ नका. पॅलेटच्या (माल रचायच्या लाकडी चौकटीच्या) फळ्या जोडून रुंदी करण्याचा मोह होतो, पण त्या बहुतेक अरुंद आणि पातळ असतात. या खुर्चीला अखंड फळीच हवी.

पाईनची खुर्ची साधारण ५ किलो भरते, सागाची ६ किलोच्या वर. पाऊस-दंव सोसायला साग केव्हाही सरस. वजनदार माणसासाठी दीड इंची फळी घ्या आणि खाचेची उंची त्याच प्रमाणात वाढवा.

तेल

पॉलिश पेपर मारून जवसाच्या तेलाचे (तयार मिळणारं ‘बॉइल्ड लिनसीड ऑइल’, घरी उकळू नका) दोन हात द्या. खाचेच्या आतली बाजू आणि फळ्यांची टोकं विसरू नका, पाणी तिथूनच शिरतं. तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेटू शकतात. उघड्यावर पसरून वाळवा.

वापरताना

गवतावर, मातीवर ही खुर्ची छान बसते. फळीची कड रुंद असल्यामुळे चार पायांच्या खुर्चीइतकी रुतत नाही. गुळगुळीत कातळावर मात्र शेपूट मागे सरकतं. त्याच्या टोकाला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवा. बैठक जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच असते, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांसाठी ही खुर्ची आम्ही सुचवत नाही.

फळी निवडायला वखारीत स्वतः या, ढीग उलटसुलट करून पाहा. जिगसॉ नसेल तर खाच आम्ही मारून देऊ.