एकनेत्री दुर्बीण निवडताना कोणता आकडा पाहावा?

हिवाळा तोंडावर आला की बडोद्याच्या मराठी पक्षिप्रेमींत एक प्रश्न हमखास निघतो: वढवाणा तलावावर नेता येईल आणि एरवी प्रवासातही खिशात मावेल, अशी छोटी एकनेत्री दुर्बीण कोणती घ्यावी? बडोदे संस्थानाने १९१० साली सिंचनासाठी निर्माण केलेल्या आणि २०२१ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत समाविष्ट झालेल्या या तलावावर हिवाळ्यात पट्टकदंब हंस, लालसरी, वारकरी आणि इतर अनेक पाणपक्षी मोठ्या संख्येने उतरतात. पण ते बहुधा काठापासून बरेच आत बसतात आणि साध्या डोळ्यांना ठिपक्यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. दुर्बीण हवीच. मात्र ती घेताना बहुतेक जण खोक्यावरचा पहिला आकडा, म्हणजे ती किती पट मोठे दाखवते एवढेच पाहतात, आणि निवड तेथेच चुकते.

खोक्यावर ८×२५ असे छापलेले असेल, तर ८ म्हणजे वर्धन आणि २५ म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की नेत्रिकेतून, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगातून, बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. येथे तो सुमारे ३.१ मिलिमीटर येतो. माझ्या मते निवडीचा खरा आधार हाच भागाकार असावा, कारण त्याची गाठ थेट आपल्या डोळ्याच्या बाहुलीशी असते. भर दुपारच्या उन्हात बाहुली दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आकुंचन पावते, त्यामुळे ३.१ मिलिमीटरचा झोत तिला पुरून उरतो. पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे पक्ष्यांची लगबग सर्वाधिक असते त्या वेळी, तीच बाहुली पाच मिलिमीटरपर्यंत आणि तरुणपणी त्याहूनही अधिक विस्फारते. अशा वेळी १०×२५ दुर्बिणीचा २.५ मिलिमीटरचा झोत अपुरा पडतो आणि दृश्य काळवंडते. ८×३२ दुर्बिणीचा झोत ४ मिलिमीटरचा असतो. क्षेत्रफळाच्या हिशेबाने त्यातून डोळ्यात अडीचपट प्रकाश उतरतो. मोठ्या लालसरीच्या नराची चोच लालभडक असते, तर छोट्या लालसरीच्या नराची काळपट असून तिच्यावर निळसर राखाडी पट्टा असतो. संधिप्रकाशात हा फरक दिसणे वा न दिसणे वर्धनापेक्षा या प्रकाशावर अधिक अवलंबून असते.

वर्धन वाढवण्याची आणखीही किंमत मोजावी लागते. दुर्बीण पक्ष्याला आठपट मोठे करते, तशीच हाताच्या कंपनालाही आठपट मोठे करते. दोन्ही हातांत धरून दोन्ही डोळ्यांवर टेकवलेली द्विनेत्री दुर्बीण बरीच स्थिर राहते. एकनेत्री दुर्बिणीला तेवढा आधार मिळत नाही, म्हणून तिच्यात १० पटींच्या पुढे हातात धरून काही बारकाईने पाहणे अवघड जाते. शिवाय वर्धन वाढले की दृष्टिक्षेत्र साधारणपणे अरुंद होते. दृष्टिक्षेत्र ६.३ अंशांचे असेल तर एक किलोमीटरवर सुमारे ११० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. तो याहून बराच अरुंद असेल, तर फांदीवरून सूर मारणारा खंड्या दुर्बिणीत सापडेपर्यंत उडूनही गेलेला असतो. दुपारी तापलेल्या चिखलावरची हवा थरथरू लागली की चांगल्यात चांगल्या दुर्बिणीचे जादा वर्धनही निरुपयोगी ठरते. उलट बडोद्यातील विश्वामित्री नदीच्या पुलावरून काठावर ऊन खात पडलेली मगर पाहायची असेल, तर अंतर इतके थोडे असते की सहा पटीही पुरतात.

ऑनलाइन बाजारात ४०×६०, ८०×१०० असे आकडे मिरवणाऱ्या तळहाताएवढ्या दुर्बिणी अगदी स्वस्तात मिळतात. हे आकडे खरे नसतात, आणि ते तपासणे कोणालाही जमण्यासारखे आहे. एका डोळ्याने दुर्बिणीतून समोरच्या इमारतीची खिडकीची जाळी पाहावी आणि दुसरा डोळाही उघडाच ठेवावा. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर येतात. मोठ्या दिसणाऱ्या एका चौकटीत साध्या डोळ्याला दिसणाऱ्या किती चौकटी एका ओळीत मावतात, ते मोजावे. तेच खरे वर्धन. दुर्बिणीचे वर्धन असे मोजण्याची युक्ती गॅलिलिओने १६१० सालीच सांगून ठेवली आहे. त्यानंतर दुर्बीण उजेडाकडे रोखून नेत्रिका डोळ्यापासून हातभर लांब धरली, तर तिच्यात एक लहानशी उजळ चकती तरंगताना दिसते. ती मिलिमीटरच्या पट्टीने मोजावी आणि वर सांगितलेल्या भागाकाराशी ताडून पाहावी. चकती स्वच्छ गोल असावी; तिच्या कडा करड्या आणि चौकोनी दिसत असतील, तर आतील लोलकांसाठी हलक्या प्रतीची काच वापरली आहे असे समजावे. पुढचे भिंग मोठे दिसत असूनही आतल्या कड्याने प्रकाश अडवला आहे का, हेही पाहता येते: दुर्बीण दूरच्या वस्तूवर जुळवून मोबाईलचा टॉर्च नेत्रिकेमागे काही सेंटीमीटरवर धरावा आणि पुढच्या भिंगाजवळ कागद धरून त्यावर पडणारे वर्तुळ मोजावे. ते भिंगाच्या व्यासापेक्षा बरेच लहान भरले, तर उरलेली काच केवळ शोभेची आहे.

किमतीतला मोठा फरक पडतो तो काचेवरील लेपांमुळे. हवा आणि काच यांच्या प्रत्येक सीमेवर, लेप नसेल तर, सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. असे दहा पृष्ठभाग ओलांडले की डोळ्यापर्यंत जेमतेम ६६ टक्के प्रकाश पोहोचतो. त्सायस या भिंगे बनवणाऱ्या जर्मन कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली परावर्तनरोधक लेपाचे तंत्र विकसित केले. आजच्या बहुस्तरीय लेपांनी प्रत्येक पृष्ठभागावरचा तोटा अर्ध्या टक्क्यापर्यंत खाली येतो आणि तेच दहा पृष्ठभाग ९५ टक्के प्रकाश पुढे जाऊ देतात. म्हणून सर्व काचांच्या सर्व पृष्ठभागांवर बहुस्तरीय लेप असल्याचे स्पष्ट लिहिलेले असावे. नुसत्या ‘कोटेड’ या शब्दाला फारसा अर्थ नाही. सरळ नळीच्या छोट्या दुर्बिणींत बहुधा छपराच्या आकाराचे लोलक असतात. छपराच्या धारेवर प्रकाशाचे दोन भाग होतात, आणि परावर्तनात त्यांच्या लहरींच्या कला (फेज), म्हणजे चढउतारांचा मेळ, बदलल्याने ते पुन्हा एकत्र येताना बारीक तपशील पुसट होतात. हा दोष घालवणारा कला-सुधारक लेप १९८८ पासून वापरात आला. पट्टकदंब हंसाच्या डोक्यामागचे दोन काळे पट्टे लांबून सुटे दिसावेत असे वाटत असेल, तर या लेपासाठी पैसे खर्च करावेत. वर्धन कमी-जास्त करता येणाऱ्या झूम दुर्बिणींच्या मोहात मात्र पडू नये. कमी वर्धनावर त्या दुर्बिणींचे दृष्टिक्षेत्र फारच आक्रसते.

चष्मा लावणाऱ्यांनी नेत्रिकेपासून डोळा निदान १५ मिलिमीटर लांब ठेवूनही पूर्ण दृश्य दिसते का, हे दुकानातच चष्म्यासह पाहून घ्यावे.

हे सारे लक्षात घेता प्रवासासाठी माझा कौल ८×२५ ला आहे, आणि थोडे वजन चालत असेल तर ८×३२ ला. दिवसभर तलावाकाठी बसून पाहणाऱ्याने मात्र द्विनेत्री दुर्बीणच घ्यावी. मेंदू दोन्ही डोळ्यांची माहिती एकत्र करतो, त्यामुळे एका डोळ्याच्या तुलनेत पुसट छटांमधला फरक ओळखण्याची क्षमता सुमारे १.४ पट होते, आणि एक डोळा मिटून ठेवल्याने येणारा थकवाही टळतो.

बडोद्याच्या पावसाळ्यात जलरोधक आणि नायट्रोजन भरलेली दुर्बीण अधिक सुरक्षित राहते, कारण तिच्यात आतून बाष्प धरत नाही. बाहेरच्या काचेवर बुरशी चढू नये म्हणून पावसातून आल्यावर ती आधी पूर्ण वाळवावी आणि चामड्याच्या पिशवीऐवजी सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. या पुड्या ओल धरू लागल्या की बदलाव्यात.