सोलापुरातील व्यक्तिनावे : भाषा आणि अर्थभेद

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी उर्दू या चार भाषा शेजारी शेजारी नांदतात. त्यामुळे नावाचा एकच तुकडा दोन घरांत दोन अर्थांनी वापरला जातो. नाव कोणत्या भाषेतले हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लावता येत नाही. कधी ते पुरुषाचे की बाईचे, आणि त्यात आडनाव कोणते, हेही सांगता येत नाही. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांतल्या अनेक गावांची घरबोली कन्नड आहे. तेलुगू मुख्यतः तेलंगणातून विणकामासाठी आलेल्या पद्मशाली समाजाची.

शहरातल्या नामपद्धती एकत्र पाहायच्या तर चार हुतात्म्यांची नावे पुरेशी आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. मल्लप्पातला ‘अप्पा’ कन्नड, म्हणजे बाप, आणि नावामागे जोडला की आदर. श्रीकिसन हे श्रीकृष्णाचे मारवाडी रूप. जगन्नाथ संस्कृत, आडनावासह मराठी वळणाचे. कुर्बान व हुसेन हे दोन्ही शब्द अरबी.

‘मल्ल’ हा शब्द सोलापुरात सर्वांत निसरडा. मराठी कानाला तो पैलवान वाटतो. सोलापुरातल्या बाळे इथल्या खंडोबाला जाणाऱ्या भाविकाच्या कथेत मल्ल हा दैत्य आहे, आणि त्याचा शत्रू म्हणून देव मल्हारी. कन्नड घरातला मल्लप्पा मात्र श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाचा. ग्रामदैवत सिद्धेश्वरांचे, म्हणजे बाराव्या शतकातल्या सिद्धरामांचे, आराध्य तेच. तेलंगणात कोमुरवेल्लीचा मल्लन्ना हा खुद्द देव आहे आणि खंडोबाशी त्याचे नाते मानले जाते. म्हणजे एका परंपरेत मारलेला दैत्य, तर दुसरीत पूजलेला देव. ‘मल्लप्पा म्हणजे मोठा पैलवान’ असा अर्थ देणाऱ्या नामसूचीवर म्हणूनच विसंबू नये.

दृष्ट लागू नये म्हणून मुलाला मुद्दाम हलके नाव ठेवण्याची चाल चारही बाजूंना दिसते, आणि इथे अर्थ चक्क जुळतात. आधीची मुले दगावली असतील तर मराठी घरात धोंडीबा, दगडू, कचरू ही नावे येत. कन्नडमध्ये ‘कल्लु’ म्हणजे दगड, त्यावरून कल्लप्पा, कल्लव्वा. ‘तिप्पे’ म्हणजे उकिरडा, त्यावरून तिप्पण्णा. तेलुगूत ‘पेंट’ म्हणजेही उकिरडाच, त्यावरून पेंटय्या, पेंटम्मा. गुंडप्पा याच कुळातला : ‘गुंडु’ म्हणजे वाटोळा दगड. शाळेत या नावाच्या मुलाला गुंड म्हणून चिडवले जाते, पण जुन्या मराठीलाही हे नाव परके नव्हते. महानुभाव पंथातले गोविंदप्रभू गुंडम राऊळ म्हणूनच ओळखले जात. ‘नकोशी’ला मात्र या रांगेत बसवू नये. त्या नावात मूल जगावे ही इच्छा नसून मुलगी नको हा राग आहे. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये अशा मुलींची नावे समारंभाने बदलण्यात आली.

काही शब्दांत नुसत्या उच्चाराने घोटाळा होतो. ‘चिन्न’ तेलुगूत लहान, कन्नडमध्ये सोने. तेव्हा चिन्नप्पाचा अर्थ घर विचारूनच लावावा. तेलुगू ‘बंगारु’ म्हणजे सोने. बंगारम्मा हे नाव मराठी कारकुनाच्या हातून भंगारम्मा झाले की सोन्याचे मोडीत निघते. कोंडा या तेलुगू घरनावाचा अर्थ डोंगर, मराठीत तो धान्याचा किंवा डोक्यातला. गड्डम म्हणजे दाढी. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेशी त्याचा संबंध नाही. लिंगप्पा, निंगप्पा, लिंगराज ही नावे इष्टलिंगाशी, म्हणजे लिंगायत अंगावर धारण करतात त्या लिंगाशी, जोडलेली आहेत. मराठी शाळेत व्याकरणाच्या तासाला त्यांवर हशा पिकतो, तेव्हा शिक्षकाने खुलासा करणे बरे.

नावामागच्या ‘अय्या’वरून समाज ओळखू पाहणारेही फसतात. तेलुगू घरात नरसय्या, राजय्या अशी नावे विणकरांत सर्रास आढळतात; कन्नड लिंगायतांत हाच प्रत्यय बहुधा जंगमांच्या, म्हणजे पुरोहितांच्या, नावाला लागतो आणि इतरांच्या नावाला ‘अप्पा’. फकिरप्पा, हुसेनप्पा ही नावे तर हिंदू घरांतली आहेत : दर्ग्याला नवस बोलून झालेल्या मुलाला पिराचे नाव आणि मागे कन्नड अप्पा. मीरा ही मराठीत मीराबाई, पण मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यावरून ठेवलेले मीरासाहेब पुरुषाचे. सुमन मराठीत बाई, तेलुगूत बहुधा पुरुष. समीर हिंदू-मुस्लिम दोन्हीकडे पुरुषच. संस्कृतात वारा, अरबीत रात्री गप्पांना सोबत करणारा.

नात्याचे शब्द नावांत शिरतात तेव्हा गोंधळ घरगुती होतो. नाना मराठीत वडीलधारा माणूस, उर्दूत आईचे वडील, तर तेलुगू नान्ना म्हणजे स्वतःचा बाप. दादा मराठीत थोरला भाऊ, उर्दूत आजोबा. ताई मराठीत बहीण, पण कन्नड तायी म्हणजे आई.

कागदोपत्री खरी अडचण क्रमाची असते. तेलुगूत ‘इंटिपेरु’, म्हणजे घराचे नाव, आधी आणि स्वतःचे नाव नंतर येते. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नावातले आडम हे असेच घरनाव. बाहेरगावचा वाचक ते आदम समजून बसतो. घरी सांगितलेल्या क्रमाने फॉर्म भरला तर पहिल्या रकान्यात घरनाव पडते आणि स्वतःचे नाव आडनाव बनते. मुस्लिम नावांत ‘अब्दुल’ सुटा काढणे ही नेहमीची चूक. त्याचा अर्थ ‘…चा सेवक’ एवढाच, पुढचा शब्द जोडल्याशिवाय तो अपुरा. म्हणून अब्दुल रहमान हे एकाच रकान्यात लिहावे. बागवान, नदाफ, अत्तार, शिकलगार ही धंद्यांवरून पडलेली आडनावे आहेत, आणि पाटील, इनामदार हिंदू-मुस्लिम दोघांतही असतात.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांचे नाव शासकीय कागदांत बाळाचे, आईचे, वडिलांचे आणि शेवटी आडनाव या क्रमाने लिहायचे आहे. जन्म नावाविना नोंदला असेल तर १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. त्या वेळी इंग्रजी अक्षरेही ठरवून घ्यावीत. दक्षिणेकडे ‘त’साठी टी-एच लिहितात, महाराष्ट्रात टी, लताच्या एका दाखल्यावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे आले की दोन व्यक्ती ठरतात. इंग्रजीत शेवटी ए लिहिलेला कन्नड प्रसन्न मराठीत परतताना प्रसन्ना होतो. सिद्राम, सिद्धराम, सिद्धाराम ही तर एकाच माणसाच्या सातबारा, आधार आणि शाळेच्या दाखल्यावरची रूपे असू शकतात. दाखल्यावरचे रूप प्रमाण धरून बाकीचे त्याबरहुकूम दुरुस्त करून घेणे सोपे पडते. नावच बदलायचे असेल तर राजपत्रात जाहिरात द्यावी लागते.

सोलापूरचे एक नाव मात्र पार चिनी लिपीत गेले. १९१० मध्ये इथे जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ च्या भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. कोटणीस हे फडणीस, चिटणीस यांसारखे हुद्द्यावरून आलेले आडनाव. त्यातला ‘नीस’ फारसी, लिहिणारा या अर्थाचा. चीनमध्ये त्यांचे नाव के दीहुआ झाले. चिनी रीतीप्रमाणे आडनाव ‘के’ आधी आले, तेही कोटणीसच्या पहिल्या ध्वनीवरून. ‘हुआ’ म्हणजे चीन, आणि पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी ते अक्षर होते. १९४२ मध्ये जन्मलेल्या त्यांच्या मुलाचे नाव इनहुआ : ‘इन’ भारत, ‘हुआ’ चीन.