थंडी खालून लागते
कुत्रा पाळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी हिवाळ्याचं माहितीपत्रक

नमस्कार,

दिवाळी आटोपली की दुकानात रोज कुणीतरी विचारत येतं, "कुत्र्यासाठी स्वेटर आहे का?" आहे. पण तो काढून दाखवण्याआधी आम्ही विचारतो, "तो झोपतो कशावर?" बहुतेक वेळा उत्तर येतं: फरशीवर, कोब्यावर, नाहीतर दारातल्या पायपुसण्यावर. हे पत्रक आम्ही त्या उत्तरासाठी छापलं आहे.

आपल्या नाशिक जिल्ह्याची थंडी कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात बातम्यांत असतो. काही वर्षी तो ५ अंशांच्याही खाली उतरतो आणि द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटतात. त्याच दिवशी दुपारी मात्र ऊन चटकतं. आपल्याकडे कुत्र्याची काळजी घ्यायची ती या दोन टोकांचा विचार करूनच.

निरोगी कुत्र्याचं अंग साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्यापेक्षा दीड-दोन अंशांनी जास्त. हात लावला की तो आपल्याला ऊबदारच लागतो, आणि मग "याला कुठली थंडी" असं वाटून जातं. पण त्याचं पोट पाहा. पाठीवर दाट असलेले केस पोटाशी आणि जांघेत विरळ होतात. आडवा झाला की नेमका तोच भाग जमिनीला टेकतो आणि शहाबादी फरशी रात्रभर त्यातली ऊब ओढून घेत राहते. वरून कितीही जाड कपडा घाला, खालून ऊब निघून जातच असते. म्हणून आधी अंथरूण, मग पांघरूण.

हे आम्ही आमच्या घरच्या खंड्याकडून शिकलो. बारा वर्षांचा झाला होता. उंबऱ्यालगतच्या फरशीवर झोपायची त्याची लहानपणापासूनची सवय. एका हिवाळ्यात सकाळी उठताना पुढचे पाय उचलायचा, मागचे उचलायचेच नाहीत. दोन-तीनदा झटका देऊन कसाबसा उभा राहायचा. आम्ही म्हणायचो, वय झालं. डॉक्टरांनी सांधे तपासले, औषध दिलं आणि विचारलं, "हा झोपतो कुठे?" त्या रात्री खाली दुहेरी गोणपाट, त्यावर जुनी गोधडी असं घातलं. पंधरा दिवसांत तो एका दमात उठू लागला. औषधाचा वाटा होताच, पण अंथरुणाचाही होता. त्याआधीची सगळी थंडी आम्ही त्याला उगाच सोसायला लावली, याची बोच अजून आहे. या दुकानात कुत्र्यांच्या गाद्या शिवायला सुरुवात झाली ती तिथून.

गादीत काय असतं

आमची गादी उसवून पाहिलीत तर तीन थर दिसतील. सगळ्यात खाली ओल न शोषणारं ताडपत्रीसारखं कापड, मध्ये दोन इंच फोम आणि वर जुन्या सुती लुगड्यांची, हाताने धावदोरा घातलेली गोधडी. या सगळ्यावर उशीच्या अभ्र्यासारखी आत दुमडणारी खोळ. तिला चेन मुद्दामच लावत नाही. कुत्री चेन चावतात आणि तुकडे गिळतात.

हे विकतच घ्यायला हवं असं नाही. घरात जुनी सतरंजी, बारदान आणि दोन गोधड्या असतील तर काम भागतं. दोनच गोष्टी पाळा: अंथरूण जमिनीपासून तीन-चार बोटं उंच असू द्या आणि रोज सकाळी उन्हात टाका. सुती कापड रात्रीची ओल धरतं. ओल्या गोधडीवर झोपण्यापेक्षा कोरडं गोणपाट बरं. जागा दाराच्या फटीसमोर नको, खिडकीखालीही नको.

मळ्यात राखणीला असलेल्या कुत्र्यांसाठी

मळ्यातल्या कुत्र्याचे हाल सगळ्यांत जास्त होतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो. नुसत्या पत्र्याचं खोपटं करू नका. पत्रा रात्री गार पडतो, आतल्या श्वासाची वाफ त्याला लागून पाणी होतं आणि पहाटे ते कुत्र्याच्याच अंगावर ठिबकतं. पत्रा वापरायचाच असेल तर आतून लाकडी फळ्या किंवा जाड पुठ्ठा लावा. खोपटं विटांवर उचलून ठेवा. तोंड दक्षिणेला किंवा आग्नेयेला करा, म्हणजे उत्तरेचा वारा आत शिरत नाही आणि सकाळचं ऊन मिळतं. दारावर गोणपाटाचा पडदा सोडा.

खोपटं ऐसपैस करण्याचा मोह होतो, पण तो टाळा. आतली हवा तापवणारं तिथे एकच अंग असतं. त्याला उभं राहता यावं, वळता यावं, मुटकुळं करून झोपता यावं, एवढीच जागा पुरे. आत गव्हाचं काड किंवा भाताचा पेंढा भरा. कुत्रा त्यात स्वतःला खुपसून घेतो आणि काडांच्या पोकळीतली हवा ऊब धरून ठेवते. भुसा मात्र नको, तो नाकाडोळ्यांत जातो. पेंढा दमट वाटला की लगेच बदला.

शेकोटीचं एक सांगायलाच हवं. माणसं उठून गेली की कुत्री ऊबेसाठी राखेत जाऊन बसतात. वरची राख निवलेली असते, खाली निखारा जिवंत असतो. पोटाला आणि तळव्यांना भाजलेली कुत्री आम्ही पाहिली आहेत. निघताना पाणी ओतून शेकोटी विझवा. तसंच बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. तिच्यातून निघणारा विषारी वायू तुमच्याही जिवावर बेतू शकतो.

कोट कुणाला लागतो, कुणाला नाही

हस्की, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, घराघरांतला पांढरा स्पिट्झ, यांच्या अंगावर दुहेरी केस असतात. बाहेरचे लांब आणि आत लोकरीसारखा दाट थर. यांच्यासाठी कोट मागायला आलात तर आम्ही नकोच म्हणतो. कोटाखाली केसांचे गठ्ठे होतात, कातडीला हवा लागत नाही. फक्त एवढं पाळा: हिवाळ्यात त्यांचे केस बारीक कापू नका.

कोट लागतो तो आखूड केसांच्या, सडपातळ कुत्र्यांना. डोबरमन, बॉक्सर, डॅशहंड आणि आपल्या मराठवाड्यातले कारवानी. कारवानीच्या अंगात चरबी नसतेच म्हणा, पळण्यासाठी घडलेला देह तो. शिवाय म्हातारी कुत्री, आजारातून उठलेली आणि पिल्लं.

कोट रात्री घाला, ऊन वर आलं की काढा. सकाळी घातलेला कोट दुपारी तसाच राहिला की कुत्रा धापा टाकू लागतो. कोट भिजला तर ताबडतोब उतरवा. आठवड्यातून दोनदा काखेत आणि मानेखाली घासलं आहे का, ते बोटांनी चाचपून पाहा.

पिल्लांचे दिवस

भाद्रपदात कुत्र्यांचा माज असतो हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर सुमारे ६३ दिवसांनी कुत्री विते, म्हणजे पिल्लं येतात ती नेमकी कार्तिक-मार्गशीर्षात. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला अंगाची ऊब स्वतः राखता येत नाही. खोक्यावर दिवा टांगणार असाल तर जुना पिवळा बल्ब हवा, एलईडी दिव्याची ऊब पुरत नाही. तो खोक्याच्या एकाच बाजूला टांगा, म्हणजे उकडलं तर पिल्लं दुसऱ्या बाजूला सरकतील. एकावर एक चढून किंकाळत असतील तर त्यांना गारठा आहे. लांब-लांब पांगून पडली असतील तर ऊब जास्त झाली आहे. शांत, एकमेकांना टेकून झोपली असतील तर ठीक.

गल्लीतल्या कुत्र्यांना कोट घालू नका, अशी आमची विनंती आहे. तो भिजतो, कुंपणात अडकतो, काढणारं कुणी नसतं. आडोशाला पेंढा भरलेली गोणी किंवा जुन्या टायरात गोणपाट ठेवा. आमच्याकडे कापडाचे तुकडे उरतात, ते यासाठी मोफत देतो. कधीही मागा.

एवढं करू नका

थंडी लागली म्हणून चमचाभर रम किंवा ब्रँडी पाजणारे अजून भेटतात. दारूने अंगातली ऊब उलट बाहेर पडते, आणि कुत्र्याला ती विषारी असते. छातीला बाम किंवा कापूर चोळू नका, तो चाटून पोटात जातो. आपल्या तापाच्या गोळ्या देऊ नका. आंघोळ घालायची तर दुपारी, आणि अंग पूर्ण कोरडं होईपर्यंत उन्हात ठेवा. पाणी कोमट द्या, थंडीत कुत्री पाणी कमी पितात. रात्री बाहेर राहणाऱ्याला भाकरीचा एखादा घास वाढवा. घरात झोपणाऱ्याला वाढवू नका.

कुत्रा थरथरत असेल तर त्याला आत घ्या. थरथर थांबली, पण तो सुस्त पडला, हिरड्या फिक्या पडल्या, हाक मारली तरी उठेना, तर तो बरा झालेला नसतो, बिघडलेला असतो. शरीराचं तापमान ३७ अंशांच्या खाली गेलं की वेळ दवडू नका. ब्लँकेटमध्ये गुंडाळा, कोमट पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून पोटाशी ठेवा आणि थेट डॉक्टरांकडे न्या. आगीजवळ नेऊ नका, गरम पाण्यात बसवू नका.

माप घेऊन येताना

कुत्रा उभा असताना मानेच्या पट्ट्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीची लांबी घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर आणि मानेचा घेर घ्या. टेप आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटं जायला हवीत. नर आहे की मादी तेही सांगा, नराच्या कोटाचं पोट आम्ही आखूड कापतो, नाहीतर तो लघवीने भिजतो. कुत्र्यालाच घेऊन आलात तर सगळ्यांत उत्तम. मागच्या वर्षीची गादी दबली असेल तर तीच आणा. आतला फोम बदलून, धावदोरा पुन्हा घालून देतो. जुन्या गादीला त्याचा वास असतो, नवीनपेक्षा तिच्यावर तो लवकर झोपतो.